सेकंदाला चाळीस

कंपनीत तिला सगळे ‘कंजूष ताई’ म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. हातात धरून खेळायचे कन्सोल बनवणारी ती कंपनी. खेळ वेगात चालावा म्हणून तिथे एक अख्खा मजला राबत होता, आणि बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून त्याच मजल्याच्या एका कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, ताई आणि तिच्या हाताखालची दोन माणसं. वेगवाल्यांनी काहीही नवं काढलं की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला: “हे किती खाणार?” स्क्रीन किती खाते, चिप किती खाते, वायफाय किती खातं, हे सगळं तिला घरातल्या माणसांच्या भुकेसारखं पाठ होतं.

घरात मात्र भूक विचारावी असं कुणी उरलं नव्हतं.

आई गेली तेव्हा ताई अठरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सात. वडिलांची नोकरी फिरतीची. त्यामुळे धाकट्याचा डबा, गृहपाठ, गालगुंड, पडलेले दुधाचे दात, सगळं ताईच्या हातून झालं. शाळेत असताना तो वर्गातले खडू खायचा, म्हणून त्याला ‘खडू’ नाव पडलं ते कायमचं चिकटलं. पुढे वडीलही गेले आणि दोघंच राहिली. ताईने त्याचं कॉलेज ठरवलं, कॉलेजातली शाखा ठरवली, आणि शेवटच्या वर्षी साहेबांच्या हातापाया पडून आपल्याच कंपनीत त्याची मुलाखतही ठरवली. त्या दिवशी ती दोन तास रिसेप्शनवर त्याची वाट बघत उभी होती. तो आला नाही. संध्याकाळी घरी गेली तर दारात त्याची बॅग भरून तयार. कुठेतरी लांब नवा रेल्वेमार्ग टाकत होते, तिथल्या टोळीत नाव नोंदवून आला होता.

“खडी फोडायला जाणार तू?” ताई म्हणाली. “ह्यासाठी शिकवलं तुला?”

“खडी फोडत नाहीत गं. मार्ग टाकतात. मला ते आवडतं, ताई.”

“आवडतं म्हणे! आवडीवर घर चालत असतं तर मी काय वेडी होते का इतकी वर्षं?”

शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी, तो बॅग खांद्याला लावत असताना, ती म्हणाली, “जा. पण परत मला तोंड दाखवू नकोस.”

असं आपण म्हणतो. रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलून जातो, आणि समोरच्यानेही ते सोडून द्यायचं असतं. पण धाकटा लहानपणापासून शब्द धरून बसणारा. ‘दहा मिनिटांत घरी ये’ म्हटलं की दहाव्या मिनिटाला दारात. तो गेला आणि त्याने खरंच तोंड दाखवलं नाही. फोन नंबर बदलला. त्याच्या एका मित्राकडून एवढंच कळलं, की तळावर आहे, ठीक आहे, काळजी करू नका.

जाताना त्याने घरातली एकच वस्तू बरोबर नेली होती: कंपनीचा पहिल्या मॉडेलचा कन्सोल. बॅटरीचं काम ताईने पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर केलं ते ह्याच मॉडेलवर, आणि बाजारात येण्याआधी मिळालेला पहिला नग तिने त्याला दिला होता.

तो जाऊन चौदा महिने झाले असतील. एका संध्याकाळी ताईने काही तपासायचं म्हणून आपला कन्सोल उघडला आणि दोघं पूर्वी खेळायची तो खेळ लावला. खेळ साधाच. एक दरी, दरीत तळं, तळ्यात मासे. दोन माणसांनी मिळून एक दरी सांभाळायची. तिथली माणसं अंगठ्याएवढी, नाकापर्यंत ओढलेल्या गवती टोप्या घातलेली. चेहरा म्हणून नसतोच. ताईने पाहिलं तर ‘खडू’ ह्या नावापुढे हिरवा ठिपका पेटलेला, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर टोपीवाला एक माणूस गळ टाकून बसलेला.

तिने आपला टोपीवाला हळूहळू तळ्याच्या कडेकडेने चालवत नेला आणि त्याच्या शेजारी बसवला. तो उठला नाही. खिडकीत चिमणी येऊन बसली की माणूस जसा श्वाससुद्धा जपून घेतो, तशी ती बसून राहिली. दीड तासाने तो जागच्या जागी थिजला, गळ तसाच हवेत, आणि दोन-चार क्षणांत विझून गेला.

ह्याचा अर्थ ताईला बरोबर ठाऊक होता. आपण होऊन खेळ बंद केला तर आपला टोपीवाला हात हलवतो, पूल ओलांडतो आणि दरीबाहेर जातो. यंत्राने मध्येच मान टाकली तरच तो असा थिजतो. म्हणजे तो गेला नव्हता. त्याची बॅटरी संपली होती.

मग ते रोजचंच झालं. रोजचं म्हणजे एक दिवसाआड. संध्याकाळी साडेसहाला हिरवा ठिपका पेटायचा. ताई ऑफिसातून धापा टाकत घरी यायची, चपला कुठे पडल्यात ते न बघता खुर्चीत बसायची. एकमेकांना मजकूर लिहून पाठवायची सोय त्या खेळात होती, पण पहिल्याच महिन्यात तिने ‘कसा आहेस?’ एवढं लिहिलं, तर तो उठला, पूल ओलांडून निघून गेला आणि तीन आठवडे फिरकला नाही. त्यानंतर तिने लिहिण्याचं नाव काढलं नाही. दोघं शेजारी बसायची, मासे धरायची, परत पाण्यात सोडायची.

वर्षं गेली तशी त्याची वेळ आटत गेली. दीड तासाचा तास झाला, तासाचा पाऊण तास. पाचव्या वर्षी जेमतेम अडतीस मिनिटं. दर वेळी तो थिजूनच जायचा, आणि ताईला त्यातच एक विचित्र समाधान होतं. तो जात नाही, त्याला बॅटरी नेते, असं ती स्वतःला सांगायची. चांगली बॅटरी असती तर बसला असता. तासन्‌तास बसला असता.

अशात एक दिवस विभागाच्या मॅडमनी बैठक बोलावली.

“पहिल्या मॉडेलला आता हे शेवटचं अपडेट,” मॅडम म्हणाल्या. “सुरक्षेचं तेवढं टाका आणि मोकळे व्हा. नव्या मॉडेलला माणसं कमी पडतायत.”

“बॅटरीचं काहीतरी करायला हवं त्यात,” ताई म्हणाली. “ती यंत्रं पाच-सहा वर्षांची झालीत. वीस-पंचवीस टक्के शिल्लक असताना पटकन बंद पडतात.”

“मग नवं घ्यावं की लोकांनी! त्यासाठीच तर काढलंय,” समोरून एकजण म्हणाला आणि सगळे हसले. हा वेगवाल्यांचा म्होरक्या. खेळ म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, हा त्याचा धर्म. साठाची एकोणसाठ झाली तरी त्याला माणुसकीला काळिमा लागल्यासारखं वाटे. म्हणून त्याला सगळे साठवाला म्हणत.

ताई हसली नाही. “जुनी बॅटरी म्हणजे दमेकरी माणूस आहे,” ती मॅडमना म्हणाली. “सावकाश चालवलात तर बाजारात जाऊन येईल. पण चिप मध्येच उसळी मारते, एकदम शक्ती मागते, आणि तेवढ्यात बॅटरीचा दाब कोसळतो. यंत्राला वाटतं, संपलं. आत पाव हिस्सा तसाच पडून असतो. ती उसळी तेवढी काढली आणि वेग जरा उतरवला तर हीच यंत्रं दुप्पट चालतील.”

“तीन आठवडे,” मॅडम म्हणाल्या. “जास्तीचं माणूस मिळणार नाही.”

ताईने गोदामातून परत आलेली जुनी यंत्रं मागवली. अकरा निघाली, सगळी झिजलेली. ती टेबलावर ओळीने मांडून तिने काम सुरू केलं. सुरुवातीला तिने सरळ वेग निम्मा केला, सेकंदाला तीस चित्रं. बॅटरी छान पुरली. पण तळ्याकाठचा टोपीवाला गळ टाकायला लागला की हात मध्येच अडकल्यासारखा दिसे. साठवाला झेरॉक्स काढायला आला होता, तो थांबून बघत राहिला.

“हा मासा धरतोय की फोटो काढून घेतोय?” तो म्हणाला. “लोक शिव्या घालतील, ताई.”

“घालू देत. त्याला चालेल हे.”

“कुणाला?”

ताईच्या तोंडून निसटून गेलं होतं. तिने मान वर केली नाही. “माझा भाऊ,” ती म्हणाली. “त्याच्याकडे हे मॉडेल आहे. आमची भेट ह्याच्यावरच होते. अडतीस मिनिटं.”

साठवाल्याने हातातल्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. त्याने खुर्ची ओढली, अकरांतलं एक यंत्र उचललं आणि दहा मिनिटं मासे धरत बसला. जाताना ते यंत्र खिशात घालून घेऊन गेला.

सकाळी तो ताईच्या आधीच तिच्या टेबलाशी हजर. “तीस नको,” तो म्हणाला. “चाळीस करू.”

“साठच्या स्क्रीनवर चाळीस बसत नाही. भागच जात नाही, अडखळणार.”

“मग स्क्रीनच चाळीसवर आणू. ह्या जुन्या पॅनेलला जमतं ते. कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. काल घरी करून पाहिलं.” त्याने यंत्र पुढे केलं. टोपीवाल्याचा गळ पाण्यावरून अलगद गेला. “आणि चिपची उसळी मीच काढून टाकतो. मीच घातली होती ती. माझा वेग माझ्या हाताने कापतोय, कुठेतरी लिहून ठेवा.”

तीन आठवडे दोघं एकमेकांशी कडाकडा भांडले. स्क्रीनचा उजेड किती उतरवायचा ह्यावरून एकदा तर साठवाला दोन दिवस बोलत नव्हता. पण शेवटी जे निघालं ते दोघांनाही मान्य झालं. अडतीस मिनिटांत मान टाकणारं यंत्र एक तास सव्वीस मिनिटं चाललं. दुसऱ्यावर करून पाहिलं, तिसऱ्यावर. अकराही यंत्रांवर तेच, दोन-चार मिनिटांचा फरक.

गुरुवारी अपडेट जगभर सुटलं. शुक्रवारी धाकटा आला, छत्तीस मिनिटांनी थिजला. त्याने अजून अपडेट घेतलं नव्हतं. रविवारी तो आलाच नाही. ताईला ठाऊक होतं, अपडेट चढवायलाच निम्मी बॅटरी लागते. त्यात संपली असेल. तरी तो सगळा रविवार तिने खिडकी ते खुर्ची आणि खुर्ची ते खिडकी असा काढला.

मंगळवारी साडेसहाला ठिपका पेटला. ताई शेजारी जाऊन बसली. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. छत्तीस झाली, अडतीस झाली. चाळीस. तो छान बसला होता, त्याचा गळ अलगद पाण्यावर जात होता, तो चाळीसचाच वेग होता, तिने हजारदा पाहिलेला. अजून पाऊण तास, ताई मनात म्हणाली. अजून पाऊण तास कुठे जात नाही हा.

बेचाळिसाव्या मिनिटाला तो उठला. हात हलवला. पुलावर गेला, पूल ओलांडला आणि दरीबाहेर निघून गेला.

ताई बघत राहिली. तळं, तळ्याकाठी तिचा एकटा टोपीवाला. इतकी वर्षं तिने ज्या एका गोष्टीवर दिवस काढले होते ती गोष्टच खोटी निघाली. त्याला बॅटरी नेत नव्हती. त्याला तेवढंच बसायचं होतं. बॅटरी होती तोवर निदान तसं म्हणायची सोय तरी होती, आणि ती सोय तिने स्वतःच्या हाताने, तीन आठवडे खपून, काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी साठवाला धावतच आला. “किती?”

“बेचाळीस.”

“फक्त? बंद पडलं?”

“नाही. तो स्वतः उठून गेला.”

“चहा घेता?” साठवाला म्हणाला, आणि ती नको म्हणाली तरी जाऊन घेऊन आला.

बुधवार त्याचा नव्हता. ताई घरी आली, धुतलेले कपडे वाळत घातले, केर काढला, सकाळीच काढलेला केर पुन्हा काढला. पावणेसातला, काही कारण नसताना, नुसत्या हाताच्या सवयीने तिने कन्सोल उघडला.

हिरवा ठिपका. तो तळ्याकाठी बसलेला.

ती शेजारी जाऊन बसली. आणि मग, काय होईल ते होवो असं म्हणून, चार वर्षांत पहिल्यांदा तिने अक्षरं उमटवली: ‘आज कसा?’

ती पुलाकडे बघत राहिली. मग एक ओळ उमटली. ‘खोलीत चौघं आहोत. सॉकेट एक. माझी पाळी एक दिवसाआड. आता एका चार्जिंगात दोन दिवस निघतात. निम्मी काल, निम्मी आज.’

ताईने ते तीनदा वाचलं. तो वेळ कापत नव्हता. तिने दिलेला वेळ त्याने नीट दोन भागांत वाटून घेतला होता, लहानपणी चॉकलेटची एक वडी जशी दोन दिवस पुरवायचा तसा. म्हणजे आता तो रोज येणार होता.

दुसरी ओळ आली. ‘अपडेटच्या माहितीत वाचलं. हे तू केलंस ना? चाळीसवर घासाघीस करणारं दुसरं कोण असणार तुमच्याकडे.’

‘आम्ही दोघांनी. एक सहकारी आहे. चांगला आहे, भांडकुदळ आहे.’

‘तुझ्याहून?’

ताईला हसू फुटलं. मग तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं: ‘इतकी वर्षं बोलत का नव्हतास?’

‘तू म्हणाली होतीस तोंड दाखवू नकोस. म्हणून टोपी घालून येतो.’

ती आधी मोठ्याने हसली. मग हसता हसता तिला स्क्रीन दिसेनाशी झाली, आणि बाही डोळ्यांना लावून ती तशीच बसून राहिली. तो उठून जाईल म्हणून एका हाताने ‘थांब’ एवढंच तिने लिहिलं.

त्यानंतरचे अठरा दिवस ताईच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. रोज चाळीस मिनिटं. तो थोडं लिहायचा. उन्हात रूळ इतके तापतात की हातमोज्यातूनही चटका बसतो. खोलीतला एकजण झोपेत हिशेब म्हणतो, एकजण गातो. तीही थोडं लिहायची. घरी कधी येणार, हा प्रश्न ती रोज लिहायची आणि रोज पुसून टाकायची. एकदा त्याने सांगितलं, की पुढच्या महिन्यात तळ हलतोय, आणि पुढे टॉवर नाही. निदान पाच महिने.

‘बरं,’ ताईने लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

एकोणिसाव्या दिवशी तो म्हणाला, ‘ह्या यंत्राची पाठ वर आलीय. दाबलं की डुगडुगते. चालतं तसं.’

पाठ वर आली म्हणजे आतली बॅटरी फुगली. फुगलेली बॅटरी कधी पेटेल ह्याचा नेम नसतो, आणि हा ती उशाशी घेऊन झोपत असणार. पाच महिने ताटातूट व्हायला बारा दिवस उरले होते. ते बारा दिवस तिने मनात एकदा मोजले, आणि लिहिलं, ‘बंद कर. आत्ताच्या आत्ता. परत चार्जिंगला लावायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. वाळू भरलेल्या डब्यात ठेव.’

‘मग उद्या?’

‘उद्या नाही. पत्ता दे. नवी बॅटरी पाठवते.’

पत्ता आला. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला तो कुठे आहे ते ठाऊक झालं. मग टोपीवाल्याने हात हलवला आणि पूल ओलांडला.

नवी बॅटरी कंपनीच्या साठ्यातून मिळाली. ताईने ती नीट गुंडाळली, स्क्रू कसे काढायचे त्याचं चित्र काढलं, आणि कुरिअरच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, आत काय आहे, आणि तिला खोटं बोलता आलं नाही.

“सुटी बॅटरी आम्ही नेत नाही, बाई,” तो म्हणाला. “नियम आहे.”

नियम तिला त्याच्याहून जास्त ठाऊक होता. कंपनीतलं त्याचं पत्रक तिनेच लिहिलं होतं. तरी ती दुसऱ्या दुकानात गेली, मग तिसऱ्या. तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर ती पुडकं मांडीवर घेऊन थोडा वेळ बसली, आणि तिथूनच मॅडमना फोन करून चार दिवसांची रजा मागितली.

“जा तुम्ही,” साठवाला म्हणाला. “परत याल तेव्हा इथे सगळं साठवर असेल.”

एक अख्खा दिवस गाडीत गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंतचा प्रवास तळावर सामान नेणाऱ्या ट्रकमधून झाला. तळ म्हणजे सपाट माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगा, पाण्याची एक उंच टाकी, सिमेंटच्या स्लीपर्सचे ढीग आणि सगळ्यांवर धूळ. ताईने मुकादमाला नाव सांगितलं. मुकादम हात तोंडाशी धरून ओरडला, आणि लांब रुळांवर वाकलेल्या माणसांपैकी एकजण ताठ उभा राहिला.

तो चालत आला, पळत नाही. काळा झाला होता, खांदे रुंद झाले होते, दाढी वाढली होती. तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“काय गं,” तो म्हणाला. “इतक्या लांब?”

“कुरिअरवाला बॅटरी घेईना,” ताई म्हणाली.

त्याच्या खोलीत चार खाटा होत्या आणि खरंच एक सॉकेट. खाटेवर रुमाल पसरून ताईने यंत्र उघडलं. खोलीतले बाकीचे तिघं दारात उभे राहून बघत होते. आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली. तिने बसच्या जुन्या पासची कड खाली घालून इंच इंच करत ती सोडवली, आणि धाकट्याने तो वाळूचा डबा पुढे केला. त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. नवी बॅटरी बसवून तिने शेवटचा स्क्रू फिरवला आणि यंत्र सुरू झालं, तेव्हा दारातले तिघं ओरडले. मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, चला रे, आणि तिघं निघून गेले.

“ट्रक चारला परत जातो,” धाकटा म्हणाला. “ये, दाखवतो.”

तो तिला रुळांवर घेऊन गेला. एका जागी तो चक्क आडवा झाला, गाल रुळाला टेकवला, एक डोळा मिटून लांबवर बघितलं, आणि म्हणाला, “तो तिसरा जोड दिसतो? दोन मिलिमीटर खाली आहे. यंत्र नंतर सांगतं, मी आधी सांगतो. मुकादम मलाच बोलावतो.”

ताईही वाकली. तिला काहीच दिसलं नाही. रूळ तिला काठीसारखा सरळ वाटला. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते दिसलं. तिने दोन मिलिअँपियर वाचवले की तिच्या तोंडावर येत असे, तेच. खडी फोडायला जाणार तू, असं ती ह्या माणसाला म्हणाली होती.

“त्या दिवशी मी जे बोलले,” तिने सुरुवात केली.

“मला काही आठवत नाही,” तो म्हणाला.

आठवत होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. दोघं रुळावर शेजारी शेजारी बसली.

ट्रकने हॉर्न दिला. तो तिच्याबरोबर चालत आला, तिची पिशवी वर टाकली, आणि फळीला हात टेकून उभा राहिला.

“माझ्या खोलीत काय ठेवलंयस?” त्याने एकदम विचारलं.

ताई गडबडली. “शिलाई मशीन,” ती म्हणाली. “जागा नव्हती म्हणून. हलवता येईल.”

“नाही, नुसतं विचारलं.”

“येईल हलवता. जड आहे तेवढं, पायाचं आहे ना. दोघांना धरावं लागेल.”

“पाच महिने लागतील पुढचं संपायला,” तो म्हणाला. “सहाही लागतील. मग सगळ्यांना सुट्टी आहे.”

येतो म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही. ट्रक निघाला, आणि पाण्याची टाकी आड येईपर्यंत तो टोपी हातात घेऊन, उन्हात, उघड्या डोक्याने उभा असलेला तिला दिसत होता.

सोमवारी ऑफिसात साठवाल्याने सगळं खोदून खोदून विचारलं. ताईने थोडं सांगितलं, थोडं ठेवलं. शिलाई मशीनचं मात्र सांगून बसली.

“मग आज संध्याकाळीच येतो,” तो म्हणाला. “दोघं मिळून उचलू. पाच मिनिटांचं काम.”

“नको,” ताई म्हणाली. “राहू दे तिथेच. उचलायला माणूस यायचाय.”